डावा सुळा

“हलतोय,” डॉक्टर तिउर्मा म्हणाल्या.

“हलत नाही, इबू. पंखा चालू आहे.”

खुर्चीत उताणा पडलेल्या नेंगाह रेंतेपच्या तोंडात आरसा होता, त्यामुळे वाक्य बाहेर येईपर्यंत त्यातली सगळी व्यंजनं गळून पडली होती. पण सरकारी दवाखान्यातल्या दातांच्या डॉक्टरला नुसत्या स्वरांवर भागवायची सवय असते. तिउर्माबाईंनी उठून पंखा बंद केला. मग आरशाच्या दांडीने वरच्या ओळीतला डावा सुळा हलकेच ढकलला. सुळा आत गेला, बाहेर आला, आणि लग्नघरातल्या म्हाताऱ्याने वाट देऊन पुन्हा बसावं तसा आपल्या जागी बसला.

“आता?”

“आता तुम्ही ढकललात.”

तिउर्माबाई मूळच्या सुमात्रातल्या, बाताक मुलखातल्या. तिकडे हळू बोलणं हे आजारपणाचं लक्षण समजतात. बालीत बदली होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, तरी त्या पेशंटच्या कानात काही सांगू लागल्या की बाहेरच्या बाकावरची माणसं माना डोलवत.

“पाक नेंगाह, हिरडी सुजून लोंबतेय. आतलं हाड झिजलंय. हा सुळा आता नुसत्या ओळखीवर उभा आहे. काढून टाकू. आजच.”

नेंगाहने तोंड मिटलं. आरसा आतच राहिला.

“तोंड उघडा.”

नेंगाहने नकारार्थी मान हलवली. ओठांतून बाहेर आलेली दांडी एकदा खिडकीकडे वळली, एकदा कपाटाकडे. मग त्याने ती स्वतःच्या हाताने अदबीने बाहेर काढली, बाहीला पुसली आणि बाईंच्या हातात दिली.

“दोन महिने, इबू. तेवढा टिकवून द्या. मग सगळेच काढा. जबडासुद्धा घेऊन जा.”

“दोन महिन्यांनी काय आहे?”

“मुलीचं लग्न.”

“लग्नात सुळ्याचं काय काम?”

“कानसायचाय,” नेंगाह म्हणाला आणि त्याने मान खाली घातली.

वरचे सहा दात कानसल्याशिवाय बालीतल्या हिंदूंत माणूस पुरा होत नाही. चार पुढचे, दोन सुळे. काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर. सहा दात, सहा शत्रू, आणि त्यांची टोकं बोथट करायला एक कानस. सुळे तसेच अणकुचीदार राहिले तर तो जबडा राक्षसाचा. पोर वयात आलं की बापाने हे करवून द्यायचं, फार तर लग्नापर्यंत लांबवायचं. नेंगाहची पन्नाशी उलटली होती आणि जबडा अजून राक्षसाचा होता.

यात त्याचा काही दोष नव्हता. त्याला मिसरूड फुटलं तेव्हा भावकीने सगळ्या पोरांचा एकत्र विधी ठरवला. मांडव पडला, डुकरं कापली, आणि त्याच पहाटे चुलत आजी वारली. सुतक. पुढच्या खेपेला सगळ्या म्हाताऱ्यांच्या तब्येतीची घरोघर जाऊन चौकशी केली आणि मगच तारीख काढली; तर एक तरणाताठा काका नारळाखाली विडी पेटवायला थांबला आणि वरून नारळ पडला. बाकीच्या पोरांचं पुढे इकडेतिकडे उरकलं, नेंगाहचं राहिलं. मग त्याचं लग्न आलं. पण केर्तीला त्याने पळवून आणली होती. अगदी रीतसर पळवली होती, मोटारसायकल तिच्याच भावाने दिली होती. तरी पळवून आणायचं म्हणजे दात कानसणाऱ्याला आधीच सांगून ठेवणं बरं दिसत नाही. त्यानंतर भावकीत कुणी त्याच्या दातांचा विषय काढीना. विषय निघाला की कुणीतरी जातं, असा बोलबाला झाला होता, आणि म्हातारे लोक नेंगाहला बघून खोकला दाबायचे.

बाप जिवंत होता तोवर नेंगाहशी बोलताना डोळ्यांकडे न बघता दातांकडे बघायचा. तोंडाने कधी काही म्हणाला नाही. शेवटच्या दुखण्यात त्याने अंथरुणातून हात वर केला, नेंगाहचा वरचा ओठ उचलला, बघितलं, आणि ओठ पुन्हा खाली सोडला. मग गेला. तेव्हापासून नेंगाहच्या मनात एका भीतीने घर केलं होतं. आपण वर गेल्यावर बाप दारात उभा असेल. सुळे बघून म्हणेल, हा कोण राक्षस, आणि दार लावून घेईल.

“म्हणून यंदा ठरलंय,” तो म्हणाला. “सकाळी लेकीचे दात कानसायचे, त्याच बिछान्यावर शेजारी माझेही. मग तिचं लग्न. स्वतःचेच सुळे तसे ठेवून तिला आशीर्वाद कुठल्या तोंडाने देऊ?”

“मग सुळा पडला तर उत्तमच की,” तिउर्माबाई म्हणाल्या. “राक्षस आपणहून गेला. कानस वाचली.”

“हे मी घरी बोलून बघितलं.” घरी म्हणजे थोरला चुलत भाऊ, त्याचा ‘ब्ली’ म्हणजे दादा, वायान गरेदेग याच्यापुढे. तो भावकीचा प्रमुख होता, आणि त्याला शास्त्र खडान्‌खडा माहीत होतं, विशेषतः जे शास्त्र दुसऱ्या कुणाला माहीत नसे ते. “ब्ली वायान म्हणाला, हरवलेला शत्रू मेला असं धरत नसतात.”

तिउर्माबाईंनी आरसा तबकात ठेवला. या वाक्यात खोट काढता येईना.

“दात घासता का?”

“घासतो की.”

“रोज?”

“जमेल तसे.”

“जमेल तसे म्हणजे?”

नेंगाहने दाराकडे बघितलं. “घासले की रक्त येतं, इबू. अंगातून रक्त येत असलं की देवळात जायचं नसतं. घरच्या देव्हाऱ्यापुढेही नाही. म्हणून पूजेच्या दिवशी मी घासत नाही.”

“बरं. पूजा कधी असते?”

नेंगाह सांगू लागला. पौर्णिमेला. अमावास्येला. गावच्या तिन्ही देवळांच्या वाढदिवसांना, भावकीच्या देवळाच्या वाढदिवसाला, तो ज्या बँकेच्या दारात राखणदार होता तिच्या आवारातल्या देवळीच्या वाढदिवसाला. झाडांच्या सणाला. गुराढोरांच्या सणाला. लोखंडाच्या सणाला, ज्या दिवशी मोटारसायकली आणि बँकेची तिजोरी पूजतात. कुणाच्या लग्नाला, कुणाच्या बारशाला. आणि या प्रत्येकाच्या आदल्या दिवशी, खबरदारी म्हणून.

“मग उरतं काय?”

“मध्येच एखादा मंगळवार सापडतो,” नेंगाह म्हणाला.

तिउर्माबाईंनी हातमोजे काढले. “काल लावार खाल्लंत?”

“खाल्लं.”

“कच्चं रक्त कालवलेलं?”

“त्याशिवाय लावार कसलं?”

“म्हणजे डुकराचं वाटीभर चालतं आणि स्वतःच्या हिरडीतलं थेंबभर चालत नाही.”

“डुक्कर पूजेला बसत नाही, इबू.”

बाईंनी खिडकीबाहेर बघितलं आणि आपल्या देवाचं नाव घेतलं. मग हातमोजे परत चढवले आणि आवाज उतरवून, म्हणजे फक्त दवाखान्यापुरता ठेवून, बोलू लागल्या.

“नीट ऐका. रक्त ब्रशने येत नाही. दातांच्या मुळाशी घाण साचते, तिचा दगड होतो, हिरडी सुजते, म्हणून येतं. तुम्ही घासत नाही म्हणून रक्त येतं, आणि रक्त येतं म्हणून घासत नाही. आज मी दगड खरवडून काढते. मऊ ब्रश देते. दात आणि हिरडी जिथे भेटतात तिथे तो तिरका धरायचा आणि बारीक बारीक गोल फिरवायचा. घोड्याला खरारा करायचा नाही. सकाळी न्याहारीनंतर, रात्री झोपायच्या आधी. रात्री घासल्यावर तोंडात पाण्याशिवाय काही नाही. फटींतून दोरा फिरवायचा. आणि सुळ्याला वगळायचं नाही. आजारी माणसाला घरात आंघोळ घालत नाही का तुम्ही? पंधरवड्यात रक्त थांबेल.”

“आणि तो पंधरवडा?”

“तो पंधरवडा येईल.”

“पुढच्या बुधवारी गालुंगान आहे,” नेंगाह म्हणाला.

गालुंगानला पितर घरी येतात. म्हणजे बाप येणार होता. घरचा कर्ता म्हणून पहिलं ताट नेंगाहनेच ठेवायचं होतं.

*

बँकेच्या दारात उभं राहून, उजवा हात छातीवर ठेवून, येणाऱ्या प्रत्येकाला “सुप्रभात, काय सेवा करू?” म्हणायचं ही नेंगाहची नोकरी होती. राखणदाराने हसत म्हणावं असा वरून आलेला नियम होता. नेंगाह ओठ न उघडता हसायचा, त्यामुळे बँकेत काहीतरी गंभीर घडलं असावं असं वाटून लोक आपली शिल्लक तपासून जात. गेल्या काही महिन्यांत दात घासणं मंगळवारावर आल्यापासून आणखी एक फरक पडला होता. लोक त्याच्यापासून दोन पावलं मागे उभे राहत, आणि रांग आपोआप शिस्तीत लागे. मॅनेजरने त्याचं कौतुक केलं होतं. लांबून.

त्या दिवशी दवाखान्यातून तो थेट ड्युटीवर गेला आणि संध्याकाळपर्यंत हात छातीवर ठेवून विचार करत राहिला. घासावेत तर गालुंगानला बापापुढे रक्ताळल्या तोंडाने जायचं. न घासावेत तर सुळा जाणार, आणि बापापुढे कायमचंच राक्षस म्हणून जायचं. एका बाजूला आड, दुसऱ्या बाजूला विहीर, आणि दोन्हींच्या काठावर बापच उभा.

ड्युटी सुटल्यावर तो जेरो मांकूंकडे गेला. गावच्या देवळाचे हे पुजारी ओसरीवर बसून नारळाच्या पातीच्या परड्या विणत होते. नेंगाहने सगळं सांगितलं. बाताक डॉक्टरीण, दगड, खरारा, डुक्कर, मंगळवार.

जेरो मांकूंनी परडी खाली ठेवली. “तू पूजेच्या दिवशी घासत नाहीस?”

“नाही, जेरो.”

“आदल्या दिवशीही नाही?”

“नाही.”

“शाबास. मीही असंच केलं. तरुणपणापासून. पुजाऱ्याला तर रोजच पूजा.” त्यांनी तोंड उघडलं. आत जीभ होती. दुसरं काहीही नव्हतं. “आता मला मंत्रातला ‘त’ म्हणता येत नाही. देव समजून घेतो. माणसं हसतात.”

नेंगाह त्या स्वच्छ, गुलाबी, रिकाम्या गुहेकडे बघत राहिला.

“मग काय करू, जेरो?”

“पूजा करून घरी ये, जेव, आणि मग घास. वाहू दे काय वाहायचं ते. सकाळपर्यंत थांबतं. सकाळची पूजा आधी कर, न्याहारी मग, ब्रश त्याच्या नंतर. त्यात काय एवढं?”

“हे आधी कुणी सांगितलं का नाही?”

“कुणी विचारलं नाही,” जेरो मांकू म्हणाले. “मीसुद्धा नाही.”

*

नेंगाह घासू लागला. ड्युटी करावी तसा घासू लागला. बूट काढून, पाय जुळवून, मागच्या अंगणातल्या पाण्याच्या टाकीपाशी उभा राहून. पहिल्या रात्री एवढं रक्त आलं की केर्ती टॉवेल घेऊन धावली.

“बापा, कुणी मारलं?” घरात सगळे त्याला बापाच म्हणत, बायकोसुद्धा.

“घासतोय.”

“दात घासताय की कोंबडं कापताय?”

इतर दातांभोवती ब्रश फिरवताना त्याचा हात धीट असायचा. डाव्या सुळ्यापाशी आला की श्वास रोखायचा. एका बोटाने सुळा धरून ठेवायचा, दुसऱ्या हाताने त्याच्या मुळाशी ब्रशचं टोक फिरवायचा, झोपलेल्या पोराचं नाक पुसावं तसा. मग बोट काढायचा आणि आरशात बघायचा. आहे. मग जिभेने चाचपायचा. आहे. मग अंथरुणात पडून पुन्हा एकदा. चावणं सगळं उजवीकडे गेलं. मका बंद झाला, भाजलेल्या डुकराची कुरकुरीत साल बंद झाली. कुणी हसवणारा दिसला की तो रस्ता बदलायचा.

भावकीत चर्चेला ऊत आला होता. डाव्या सुळ्यात नेमका कोणता शत्रू, यावर एकमत होईना. वायान गरेदेगच्या मते मत्सर. “तुझ्या घरावर नवीन पत्रे आले तेव्हापासून याचा सुळा हलतोय,” असं तो शेजाऱ्याला म्हणाला. केर्तीच्या मते क्रोध तर शक्यच नव्हता, कारण तो नवऱ्याकडे कधी नव्हताच. असता तर वायानला याआधीच घराबाहेर काढलं असतं.

गालुंगानच्या सकाळी नेंगाहने कोरडं तोंड मिटून बापापुढे ताट ठेवलं. लावार, भात, भाजल्या मांसाच्या साटे-काड्या, काळी कॉफी. डोळे मिटले. बाप आला असेल तर त्याने ओठ उचलून बघितलं नाही, एवढं खरं.

त्या दिवशी तिन्हीसांजेला तो टाकीपाशी घासत असताना त्याची मुलगी रेस्मिनी येऊन टाकीच्या कठड्यावर बसली. ती गावच्या शाळेत शिकवायची, त्यामुळे गप्प बसलेल्या माणसाकडे एकटक बघत राहायची तिला सवय होती.

“बापा, पुढचं गालुंगान मी इथे नसणार.”

नेंगाहने मान डोलवली. तो उजव्या दाढांच्या मागच्या बाजूला होता.

“लग्नानंतर आपल्या देव्हाऱ्यापुढे येऊन आजोबांना सांगायचं, की मी आता तुमची नाही. मग त्यांच्या देव्हाऱ्यापुढे बसायचं. मला माहीत होतं म्हणा असं असतं ते. पण आज आईबरोबर ताट वाढताना हात थांबला.”

नेंगाह पुढच्या दातांवर आला.

“तुम्ही काही बोलणार आहात का?”

त्याने बोट वर केलं: थांब. सुळा धरला, टोक फिरवलं, श्वास सोडला, चूळ भरली, आणि थुंकलेल्याकडे वाकून बघितलं. मग वर बघितलं तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता.

“पांढरं आहे,” तो म्हणाला. “बघ. अजिबात लाल नाही.”

रेस्मिनी उठली. “छान,” ती म्हणाली. “सुळ्यालाच द्या मग सासरी पाठवून.” आणि आत गेली.

नेंगाह ब्रश हातात घेऊन उभा राहिला. टाकीचा नळ ठिबकत होता. बऱ्याच वेळाने त्याला आपण काय बोललो ते ऐकू आलं.

तो तिच्या खोलीच्या दारापाशी गेला. दार लोटलेलं होतं. त्याने बँकेच्या दारात उभं राहावं तसं उभं राहून, हात नकळत छातीवर ठेवून, घसा साफ केला.

“कानसताना घाबरू नकोस. मी शेजारी असेन.”

आतून रेस्मिनीचा आवाज आला.

“तुम्हीच घाबरलाय, बापा.”

“हो,” नेंगाह म्हणाला.

*

गालुंगाननंतर महिनाभर मंगलकार्याला मुहूर्त नसतो. ते दिवस नेंगाहने सुळ्याची राखण करत काढले. महिना सरला तेव्हा तो पुन्हा तिउर्माबाईंच्या खुर्चीत पडला, आणि बाईंनी त्याच्या तोंडात इतका वेळ बघितलं की त्याला वाटलं, त्यांचं काहीतरी आत हरवलंय.

“हे तोंड तुमचंच ना?”

“हो, इबू.”

“हिरड्या घट्ट आहेत. गुलाबी आहेत. एक थेंब रक्त नाही. माझ्या पेशंटांत सांगितलेलं ऐकणारे तुम्ही दुसरे. पहिला पोलिसांचा कुत्रा होता.” मग त्यांनी आरशाच्या दांडीने सुळ्याला स्पर्श केला, ढकललाही नाही, आणि सुळा शेजारच्या दाताला जाऊन टेकला. “हा मात्र गेला, पाक नेंगाह. याचं हाड आधीच गेलं होतं. घासून हाड परत येत नाही.”

“बांधून ठेवता येईल?”

“शेजाऱ्यांना तारेने जखडता येईल. पण शेजारी आत्ता कुठे बरे झालेत. बुडणाऱ्याला त्यांच्या गळ्यात बांधलं तर तेही बुडतील. ते पाच तुम्हाला म्हातारपणी भात खायला हवेत.”

नेंगाहने छताकडे बघितलं. पंखा बंद होता.

“विधी परवा आहे,” तो म्हणाला. “तुम्ही या.”

“माणसाच्या चांगल्या दातावर कानस चालवताना मी बघायचं?”

“डोळे मिटून बसा. पण या.”

*

विधीच्या सकाळी पूजा झाली, न्याहारी झाली, आणि नेंगाह टाकीपाशी उभा राहिला. आज ब्रश लावावा की नाही? लावला आणि सुळा आत्ताच निसटला तर? न लावावा तर लेकीच्या लग्नाच्या दिवशी घाणेरडं तोंड घेऊन झोपायचं. मऊ ब्रश ओला करून तो बराच वेळ नुसताच धरून राहिला. मग घासले. सगळे. सुळाही. सुळा राहिला. नेंगाहला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, आपलं नशीब बरं असावं.

रेस्मिनीसाठी आलेल्या शृंगारवालीने त्यालाही सोडलं नाही. पिवळं जरीचं वस्त्र छातीपर्यंत गुंडाळलं, कानामागे सोनेरी फुलं खोवली, पावडर थापली, डोळ्यांत काजळ घातलं. वायान गरेदेगने दोघांकडे आळीपाळीने बघितलं.

“यातली नवरी कोणती?”

“जिच्या मिशा कमी ती,” केर्ती म्हणाली.

मांडवात उंच बिछाना घातला होता. दोघं शेजारी शेजारी उताणी पडली. पायाशी केर्ती बसली, नवऱ्याचे घोटे धरून. बायकांनी संथ सुरात गाणं धरलं. त्यांच्या मागे लेस लावलेलं पोलकं घालून तिउर्माबाई बसल्या होत्या, हात मांडीवर घट्ट बांधून, दारू सोडलेला माणूस दारूच्या दुकानासमोर बसतो तशा.

दात कानसणारे पेकाक सादिया वयाने इतके झाले होते की गावातल्या अर्ध्या माणसांना ते चेहऱ्यापेक्षा दातांवरून लवकर ओळखत.

“पेकाक,” नेंगाह कुजबुजला, “डावा सुळा जरा...”

“मला सांगू नकोस. दात माझ्याशी स्वतः बोलतात.” पेकाकांनी त्याचा ओठ वर केला, वाकून बघितलं, आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. “हा जरा जास्तच बोलतोय.”

त्यांनी मागच्या दाढांमध्ये उसाचा तुकडा बसवला. आता तोंड मिटता येत नव्हतं आणि बोलताही येत नव्हतं. पेकाकांनी अंगठीतल्या माणकाने एकेका दातावर अक्षर रेखायला सुरुवात केली. उजवा सुळा. मग मधले चार. नेंगाहने डोळे मिटले. माणिक डाव्या सुळ्याला टेकलं, आणि सुळा आडवा झाला.

दुखलं नाही. आवाज झाला नाही. नेंगाहला जिभेवर काहीतरी छोटं, कोमट, ओळखीचं लागलं, आणि त्यामागून खारट चव. त्याने डोळे उघडले. पेकाक त्याच्याकडे बघत होते. कानस अजून उचललीही नव्हती. शत्रू निसटला होता, धार तशीच घेऊन, आणि तोंडात रक्त होतं, आणि शेजारी मुलगी डोळे मिटून आपल्या पाळीची वाट बघत होती. नेंगाहच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी निघालं आणि काजळ घेऊन कानाकडे गेलं.

वायान गरेदेग पुढे वाकला. “काय झालं?”

“काही नाही. एक जण लवकर उठला.”

“मग आता शास्त्राप्रमाणे...”

“शास्त्राप्रमाणे तू मागे सर. उजेड अडतोय.”

वायान मागे सरला. पेकाकांनी दोन बोटांनी सुळा उचलला, उजेडात धरला, फुंकर मारली. मग कानस घेतली आणि आपल्या चिमटीतल्या त्या सुळ्याच्या टोकावर ती फिरवली, एकदा, दोनदा, तीनदा, जणू तो अजून कुणाच्या तरी तोंडात होता. भुगा आणि सुळा त्यांनी पिवळ्या शहाळ्यात टाकला. केर्ती पायांकडून उठून उशाशी आली, कमरेच्या शेल्याच्या टोकाने तिने नवऱ्याच्या ओठाच्या कोपऱ्यातला लाल ओघळ पुसला, आणि ते टोक आत दुमडून घेतलं. कुणी रक्त हा शब्द उच्चारला नाही. बायकांचं गाणं चालू राहिलं.

मग पेकाकांनी बाकीचे पाच कानसले. कर्र, कर्र, कर्र. तिउर्माबाईंनी डोळे मिटले होते. प्रत्येक आवाजाला त्यांचा खांदा उडत होता. पाचव्यानंतर कानस पुढे सरकली आणि रिकाम्या जागेवर आली. तिथेही ती तेवढ्याच वेळा फिरली. आवाज आला नाही, म्हणून बाईंनी डोळे उघडले.

उसाचा तुकडा काढला. पेकाकांनी नेंगाहच्या हातात आरसा दिला. असं विचारायचंच असतं, आणि त्यांनी गेल्या कित्येक वर्षांत हजारोंना विचारलं होतं, तसंच विचारलं.

“बघ. सरळ झाले का?”

नेंगाहने आरसा धरला. काजळ पसरलेला, फुलं माळलेला एक माणूस दिसला. एका रेषेत पाच दात, आणि त्यांच्या शेवटी काळोखाची एक फट. शेजारून रेस्मिनीही मान वळवून बघत होती. सगळा मांडव उत्तरासाठी थांबला. पेकाक सादियाही थांबले, घाई न करता, चेहऱ्यावर हसू न आणता, कारण काम त्यांचं होतं आणि ते नीट झालं की नाही हे त्या माणसानेच सांगायचं होतं.

नेंगाहने बराच वेळ बघितलं. ओठ आणखी वर ओढला. मग एक बोट उचलून त्या फटीवर ठेवलं.

“इथे अजून थोडं, पेकाक.”

पेकाक सादियांनी मान डोलवली. कानस फडक्याला पुसली, पुन्हा वाकले, आणि जिथे काहीच नव्हतं तिथे ती अगदी जपून फिरवू लागले.